अकरा दारांचं वाक्य

कॉलेजच्या मान्यतेसाठीच्या तपासणीला तीन आठवडे उरले असताना प्राचार्या हॉलेनबेकबाई मिनेसोटातल्या एका परिषदेहून परतल्या, त्या तोंड पाडूनच. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना वाचनालयात गोळा केलं आणि तिथल्या एका कॉलेजची कथा सांगितली. त्या कॉलेजचं ग्रंथालय नीट, निकाल नीट, प्रयोगशाळा नीट, आणि तरीही त्याची मान्यता दोन वर्षं लटकली होती. का? तर तपासणी पथकातल्या एकानं जाता जाता झाडलोट करणाऱ्याला विचारलं, "तुमच्या कॉलेजचं ध्येय काय?" आणि तो गडी म्हणाला, "ऑफिसात विचारा."

"ते नेहमी झाडलोट करणाऱ्यालाच विचारतात," बाई म्हणाल्या. "प्राचार्यांना पाठ असणारच, हे त्यांना ठाऊक असतं."

वाचनालयातल्या एकोणतीस माना एकदम मागे वळल्या. मागे शिडीवर आर्वो लाहती उभा होता, हातात बल्ब घेऊन.

हे सारं १९८८ सालचं. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला आता कॉलेजची काचेची इमारत उभी आहे, आणि तिचे दरवाजे माणूस पाहून आपोआप उघडतात. तेव्हा मात्र टॅमरॅक फोर्क कम्युनिटी कॉलेज तांब्याच्या खाणीच्या जुन्या गोदामात भरे. एक लांबच लांब बोळ, त्यात एका बाजूला अकरा दारं, तळघरात बॉयलर, आणि या सगळ्याचा धनी आर्वो. तो फरशा पुसायचा, बर्फ उपसायचा, बॉयलर सांभाळायचा आणि परीक्षेच्या दिवशी रडणाऱ्या पोरांना खाली बॉयलरपाशी बसवून कॉफी पाजायचा. यातलं शेवटचं काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"बाई, मला पाठांतर जमत नाही," आर्वो शिडीवरूनच म्हणाला. "चर्चमध्ये धर्माची प्रश्नोत्तरं पाठ म्हणायची होती, तेव्हा पास्टरसाहेबांनी मला तीन वर्षं मागे ठेवलं. चौथ्या वर्षी त्यांचीच बदली झाली, म्हणून सुटलो."

"एकच वाक्य आहे हो, आर्वो."

ते एकच वाक्य असं होतं: 'या महाविद्यालयाचे ध्येय सर्व व्यक्तींना वंश, वर्ण, धर्म, लिंग, वय वा अपंगत्व यांवरून कोणताही भेदभाव न करता समान संधीच्या तत्त्वास अनुसरून त्यांच्या शैक्षणिक, व्यावसायिक व वैयक्तिक उद्दिष्टांच्या पूर्ततेसाठी विद्यार्थिकेंद्रित, गुणवत्ताधिष्ठित व सर्वसमावेशक अध्ययनसंधी उपलब्ध करून देणे हे आहे.' सात जणांच्या समितीनं ते सव्वा वर्ष खपून तयार केलं होतं. त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं अजून बंद होतं.

आर्वोनं ते दोनदा वाचलं. हिशेब सरळ होता. मान्यता गेली की सरकारी मदत जाणार, मदत गेली की पोरं जाणार आणि पोरं गेली की दारांना कुलपं लागणार. खाणीला कुलूप लागलं तेव्हा गावाचं काय झालं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता कॉलेजला कुलूप लागलं तर ते त्याच्या जिभेमुळे लागणार होतं.

मग कॉलेज कामाला लागलं. प्राचार्याबाईंनी वाक्य आपल्या आवाजात कॅसेटवर भरून दिलं. आर्वो ते गाडीत ऐके आणि दुसऱ्या अल्पविरामाशी त्याला पेंग येई. एकदा तर गाडी लाकडांच्या वखारीत शिरता शिरता वाचली. त्याची बायको व्हर्ना गावच्या इस्पितळात नर्स होती. तिनं शनिवारी घरच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, वर्ग घेतला. एक तुकडा बरोबर म्हटला की तापल्या दगडांवर एक पळी पाणी.

"'कोणताही भेदभाव न करता'... पुढे?"

"पुढे... पुढे मला भोवळ येतेय गं."

"आर्वो, अरे चार पोरं वाढवलीस तू! त्यांच्या वाढदिवसाच्या तारखा तरी लक्षात ठेवल्यास ना?"

"तू सांगायचीस तेव्हा कळायच्या."

पंधरा दिवस पालथ्या घड्यावर पाणी चाललं. शेवटी नर्सिंग शिकवणाऱ्या डोलोरेस बियांकीनं त्याला बोळात गाठलं. ती आर्वोच्या बरोबरीची, आणि तिला आडपडदा माहीत नव्हता.

"पोरींना मी हाडांची नावं पायापासून डोक्यापर्यंत चढत शिकवते. बसून पाठ नाही होत कुणाचं. तुला या जगात काय पाठ आहे, ते सांग."

आर्वोनं विचार केला. "दारं," तो म्हणाला.

"मग झालं तर!"

डोलोरेसनं वाक्याचे अकरा तुकडे केले. पहिल्या दाराशी 'या महाविद्यालयाचे ध्येय', दुसऱ्याशी 'सर्व व्यक्तींना', असं करत करत अकराव्या दाराशी 'उपलब्ध करून देणे हे आहे.' आणि काय सांगावं, आर्वो पूर्वेकडून निघाला, प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबला आणि एक अक्षर न चुकता पश्चिमेला पोहोचला! पोरांनी टाळ्या वाजवल्या. वेल्डिंगच्या सरांनी हेल्मेट काढून मुजरा केला.

मात्र त्यात एक मेख होती. वाक्य यायचं ते चालतानाच, आणि तेही पूर्वेकडूनच. मध्येच कुणी टोकलं, की सगळं मुसळ केरात. मग परत पहिल्या दारापासून.

"हरकत नाही," प्राचार्याबाई म्हणाल्या. "आपण पाहुण्यांनाच पूर्वेच्या दारानं आणू." त्यांनी साऱ्या कार्यक्रमाची उलथापालथ केली. पश्चिमेचा दरवाजा 'रंगकाम चालू' अशी पाटी लावून बंद झाला आणि पाटी खोटी ठरू नये म्हणून खरंच रंगवला गेला. "आणि आर्वो, कुठेही विचारलं तरी एवढंच म्हणायचं, 'या माझ्याबरोबर', आणि पूर्वेकडे चालू लागायचं."

तपासणीच्या सकाळी आर्वो पाच वाजता आला. ऑक्टोबरातच हातभर बर्फ पडला होता. त्यानं पायऱ्या मोकळ्या केल्या आणि अकरा दारांवरून सहा फेऱ्या मारल्या. या घाईत एकच गोष्ट राहिली. बॉयलरमधलं पाणी रोज सकाळी पाहायचं असतं, ते वीस वर्षांत पहिल्यांदाच पाहायचं राहिलं. पाणी उतरलं की तो शहाणा बॉयलर आपला आपण विझतो. तो साडेनऊला विझला. दहाला पाहुणे आले आणि साडेदहाला त्यांच्या तोंडातून वाफा निघू लागल्या.

आर्वो तळघरात धावला. हात काजळीनं माखलेले, जिभेवर 'समान संधीच्या तत्त्वास', अशा अवस्थेत तो बॉयलर पेटवत असताना मागे खोकल्याचा आवाज आला. पाहतो तर तपासणी पथकाच्या प्रमुख डॉ. प्रुइट. या बाई ऍरिझोनाच्या वाळवंटातल्या. वर बसवेना म्हणून ऊब शोधत त्या स्वतःच खाली उतरल्या होत्या.

"चालेल ना मी इथे थांबले तर?" त्या म्हणाल्या आणि बॉयलर पेटल्यावर हात शेकता शेकता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या या कॉलेजचं ध्येय काय हो?"

आर्वोनं आजूबाजूला पाहिलं. तळघराला दार एकच होतं.

"या माझ्याबरोबर," तो म्हणाला.

बाई बिचाऱ्या त्या उबेतून उठून त्याच्यामागे जिना चढल्या. बोळाच्या टोकाला त्यांना पाहून प्राचार्याबाई थबकल्या आणि पिण्याच्या पाण्याच्या कूलरआड उभ्या राहिल्या. आर्वो पूर्वेच्या टोकाला गेला, टोपी काढली आणि निघाला. पहिलं दार, दुसरं दार, तिसरं दार. चौथ्याशी 'वा अपंगत्व यांवरून' म्हणून तो पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात प्रुइटबाईंनी विचारलं, "तुम्ही दर दाराशी का थांबताय?"

झालं. आर्वोनं डोळे मिटले, उघडले आणि मुकाट्यानं परत पहिल्या दाराशी गेला. बाईही गेल्या. दुसऱ्या खेपेला तो सहाव्या दारापर्यंत पोहोचला, तर बाई म्हणाल्या, "या दारामागे काय आहे?" तो पुन्हा परतला. तिसऱ्या खेपेला पहिल्याच दाराशी त्याला पहिलाच तुकडा आठवेना. कूलरआड प्राचार्याबाई ओठ हलवून त्याला शब्द दाखवत होत्या, पण तेवढ्या लांबून त्या प्रार्थना करताहेत असंच वाटत होतं.

"नाही जमत, बाई," आर्वो म्हणाला. "पाठ येत होतं, आईशपथ येत होतं. या दारांवर लावून पाठ केलं होतं."

"मग पाठ राहू द्या. दारांचंच सांगा."

आर्वोनं पहिल्या दाराकडे पाहिलं. "हे ऑफिस. खाण बंद झाली त्या सोमवारी इथे दोनशे माणसं उभी होती. हातात जेवणाचे डबे. काम तर नव्हतं, पण सवयीनं डबा घेऊनच निघाली बिचारी. मीही त्यातच होतो. इथल्या क्लार्कबाईनं कुणालाच विचारलं नाही, की शाळा कितवीपर्यंत झाली. नाव विचारलं आणि म्हणाली, 'सकाळी येणार की संध्याकाळी?'"

आर्वो चालत चौथ्या दाराशी आला.

"याला उंबरा होता. लेनर्ड खाणीत पाय गमावून चाकाच्या खुर्चीतून यायचा. त्याला दोघांनी उचलून आत घ्यावं लागे आणि तो लाजेनं लाल व्हायचा. तिसऱ्या दिवशी मी करवतीनं उंबराच कापून टाकला. कुणाला विचारलं नाही. अजून कुणाला ठाऊक नाही."

कूलरआडून एक हुंकार आला.

सहाव्या दाराशी आर्वो जरा जास्तच थांबला. "इथे माझी बायको बसायची. तेहतिसावं वर्ष आणि चौथं पोर पोटात. बाक आणि पोट मावेना, म्हणून मी बाकाचे खिळे काढून तो मागे सरकवला. नर्स झाली ती. या गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, बाई."

डॉ. प्रुइट यांनी चष्मा पुसला. थंडीमुळे असेल. "म्हणजे ध्येय काय?"

"तेच तर मला म्हणता येत नाही! दार ढकललं की आत. आत जागा नसली तर जागा करायची. एवढंच आहे ते, पण ते असं म्हणायचं नसतं." मग तो काकुळतीला आला. "हे लिहू नका. पाठांतर माझं कच्चं आहे, कॉलेजचं नाही. बॉयलरही माझ्यामुळेच विझला. मला काढायला सांगा हवं तर, पण कुलूप नका लावू."

बाईंनी काहीतरी लिहिलंच. आर्वोनं ते पाहिलं आणि टोपी परत डोक्यावर चढवली.

पुढचे तीन-चार महिने त्यानं कसे काढले, ते व्हर्नालाच माहीत. फेब्रुवारीत निकालाचं पत्र आलं. मान्यता मिळाली, तीही पूर्ण दहा वर्षांची! आणि पत्रात एक वेगळा परिच्छेद होता: 'या संस्थेचे ध्येय पथकाला सर्वांत स्पष्टपणे श्री. लाहती यांनी सांगितले.' प्राचार्याबाईंनी बोळात सगळ्यांदेखत आर्वोला मिठी मारली. डोलोरेसनं केक आणला. तो कापताना आर्वो इतका रडला, की पोरांनी सुरी त्याच्या हातून काढून घेतली.

विश्वस्त मंडळानं तर एकमतानं ठरवलं, की जुनं वाक्य रद्द, यापुढे आर्वोचे शब्द हेच कॉलेजचं ध्येय. ते शब्द जरा नीटनेटके करायला नऊ जणांची समिती नेमली.

जूनमध्ये समितीचं काम संपलं आणि पितळी पाटी तयार होऊन आली. आर्वो ती मोठ्या दाराशी ठोकत असताना व्हर्ना इस्पितळातून त्याला न्यायला आली. चष्मा लावून तिनं पाटी मोठ्यानं वाचली: "'प्रवेशेच्छुक प्रत्येक व्यक्तीस द्वार-अभिगम्यतेच्या तत्त्वास अनुसरून, तथा आवश्यकतेनुसार संस्थांतर्गत अवकाशाचे पुनर्नियोजन करून, समन्यायी...' अगं बाई! केवढं हे! कोण म्हणालं असं?"

आर्वोनं तोंडातला खिळा काढून पाटीखालच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं.

"म्हणे मी."

"म्हणजे काय रे ते?"

"ते नाही कळलं," आर्वो हातोडी उचलत म्हणाला. "पण आता दहा वर्षं आहेत ना. होईल पाठ."