कमावलेलं फुकट

जगात फुकट दोन प्रकारचं असतं. एक, जे आपोआप मिळतं. आणि दुसरं, जे मोठ्या कष्टाने कमवावं लागतं. पहिल्याला कोणी विचारत नाही. सुसंस्कृत समाजात प्रतिष्ठा आहे ती दुसऱ्याला, आणि झाशीच्या खंडेराव गेट भागात या दुसऱ्या प्रकाराचे सर्वात मोठे जाणकार म्हणून यज्ञेश्वरराव लघाटे यांचं नाव आदराने घेतलं जातं. (घेणाऱ्यांत ते स्वतःही आहेत.)

यज्ञेश्वरराव रेल्वेच्या कचेरीत मोठे बाबू. त्यामुळे त्यांना, पत्नी शारदाबाईंना आणि विधवा आई अनुसूयाबाईंना रेल्वेचा पास होता. भारतात कुठेही जा, एक पैसा भरायचा नाही. लघाट्यांचे पूर्वज देशावरून बुंदेलखंडात आले तेव्हा त्यांना अशी सोय असती, तर ते बहुधा परतही गेले असते. पण पास हा पहिल्या प्रकारचा फुकट. नोकरी केली की मिळतो. शेजारच्या टेबलावर दिवसभर झोपणाऱ्या श्रीवास्तवलाही मिळतो. त्यात कर्तबगारी ती काय?

म्हणून, जेव्हा पुण्याला जायची वेळ आली, तेव्हा यज्ञेश्वररावांनी प्रथम प्रवासावर बक्षीस देणारं क्रेडिट कार्ड घ्यायचं ठरवलं.

पुण्याचं निमित्त असं की, अनुसूयाबाईंची धाकटी बहीण चंपा तिथे मुला-सुनेजवळ राहायची. दोघी बहिणी झाशीजवळच्या गुरसरायला एका ताटात जेवून वाढल्या. मग एक झाशीत दिली, एक पुण्यात. त्या चंपामावशींना अलीकडे विसर पडू लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग आज वार कोणता ते, मग शेजारीण कोण ते. त्यांची सून उषा हिचा फोन आला, "दादा, डॉक्टर म्हणतात हे वाढतच जाणार. तुमच्या आईंना घेऊन या. सासूबाई अजून माणसं ओळखतात."

अनुसूयाबाईंनी त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं, "यज्ञू, मला चंपाकडे पोचव रे. तिला माझी ओळख आहे तोवर जाऊ दे. नंतर जाऊन काय करू?"

शारदाबाईंनी माळ्यावरून बॅग काढली. "अहो, झेलम एक्सप्रेसमध्ये बसलं की सरळ पुणं. पास आहेच. मी पराठे बांधून देते, परसों निघून जा."

शारदाबाई चांगल्या शिकलेल्या आहेत, पण प्रवास म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी पोचणं, अशी त्यांची समजूत होती. यज्ञेश्वररावांनी बॅग पुन्हा माळ्यावर ठेवली आणि बँकेच्या माणसाला घरी बोलावलं.

बँकेचा माणूस म्हणजे कुशवाहा. गळ्यात पट्टा, हातात गुळगुळीत हिंदी माहितीपत्रक. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'हर यात्रा पर निश्चित उपहार'. हिंदीत उपहार म्हणजे भेटवस्तू. पण अनुसूयाबाईंची मराठी गुरसरायहून निघाली तशीच्या तशी या घरात येऊन राहिली होती. तिच्यात यात्रा म्हणजे काशी-प्रयाग, आणि उपहार म्हणजे फराळाचं. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि त्यांना बँकेविषयी प्रथमच आदर वाटला.

"यात्रेकरूंना खायला घालतात म्हणजे पुण्याचंच काम," त्या म्हणाल्या. (इथे 'पुण्याचं' हा शब्द दोन्ही अर्थांनी बरोबर होता.) मग कुशवाहाकडे वळून, "भैया, उपहार में उपास का भी रहता है?"

"माताजी, सब रहता है. आप जो चुनें."

"और प्याज-लहसुन?"

कुशवाहाने क्षणभर विचार केला. पाच वर्षं कार्डं विकलेला माणूस, त्याला कोणत्याच प्रश्नाचं उत्तर येत नाही असं होत नसे. "वो आपकी श्रेणी पे है, माताजी," तो म्हणाला.

यज्ञेश्वररावांनी हा गैरसमज दूर केला नाही. अर्जावर सही करण्यात ते गुंतले होते.

कार्ड आलं. ते घेऊन लगेच प्रवासाला निघणं हा अडाणीपणा झाला असता. यज्ञेश्वररावांनी आधी त्याचं शास्त्रशुद्ध मूल्यमापन हाती घेतलं आणि 'पॉइंट परिवार' या मोबाइलवरच्या देशव्यापी मंडळाचं सदस्यत्व घेतलं. या मंडळात फार थोर माणसं होती. नागपूरचे एक दंतवैद्य केवळ पॉइंटांवर विमानाच्या सर्वात पुढच्या वर्गाने फ्रँकफुर्टला जाऊन आले होते. तिथे त्यांचं काही काम नव्हतं, म्हणून ते त्याच विमानाने परतले. मंडळात अजूनही त्यांचं नाव निघालं की लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात.

मूल्यमापनातून जे निष्कर्ष निघाले ते नवशिक्यांच्या माहितीसाठी थोडक्यात असे. पॉइंट देऊन मिक्सर घेतला तर एका पॉइंटाला वीस पैसे पडतात; असं करणाऱ्यास मंडळात कोणी ओळख देत नाही. रेल्वेचं तिकीट काढलं तर पंचवीस पैसे. हे मिक्सरपेक्षा बरं, पण घरी सांगण्यासारखं नाही. साध्या विमानात नव्वद पैसे. विमानाच्या पुढच्या, रुंद खुर्च्यांच्या वर्गात मात्र दीड रुपयाच्या वर, आणि योग्य मुहूर्त साधला तर पावणेदोन. थोडक्यात, प्रवासाच्या कार्डाचा सर्वात वाईट उपयोग म्हणजे जिथे जायचं आहे तिथे, जेव्हा जायचं आहे तेव्हा, साध्या रीतीने जाणं.

झाशीत विमान येत नाही, ही किरकोळ अडचण होती. पुणं दक्षिणेला; त्यासाठी आधी उत्तरेला दिल्लीला जायचं आणि मग उडून झाशीच्याच डोक्यावरून दक्षिणेला यायचं, असा मार्ग निघाला. यज्ञेश्वररावांना तो मार्ग फार आवडला. त्यात प्रवास जवळजवळ दीडपट होता आणि बक्षीस मिळायचं ते प्रवासावरच.

आता पॉइंट साठवायचे. त्यासाठी खर्च करायला हवा, आणि लघाट्यांच्या घरात खर्च करायची पद्धत नव्हती. तेव्हा यज्ञेश्वररावांनी इतरांचा खर्च अंगावर घेतला. कचेरीत कोणाला फ्रिज घ्यायचा असला की यज्ञेश्वरराव कार्ड घेऊन दुकानात हजर. पैसे त्यांना रोख द्यायचे, पॉइंट त्यांचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचा मांडव त्यांच्या कार्डावर उभा राहिला. कुठे लग्न ठरल्याचं कळलं की ते आधी हॉलचं ॲडव्हान्स दिलं का ते विचारत आणि मग मुलीचं नाव विचारत. लक्ष्मी गेटच्या भाजीवालीने कार्ड घ्यायला नकार दिला, तेव्हा आठवडाभर घरात भाजी आली नाही. (ही गैरसोय मूल्यमापनात धरलेली नाही.)

उषाचा दुसरा फोन आला. "दादा, काल त्यांनी मला आई म्हणून हाक मारली. आता या."

"येतोच आहोत," यज्ञेश्वरराव म्हणाले. "फक्त दिवाळीच्या आसपास विमानवाले पॉइंटांवर पंचवीस टक्के वाढ देतात. तेवढं पदरात पडू दे."

या संभाषणाच्या वेळी शारदाबाई पोळ्या लाटत होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आधी जाऊन या ना. पॉइंट बाद में लावा." प्रवास झाल्यावर पॉइंट लावता येत नाहीत, हे त्यांना पुन्हा एकदा समजावून सांगावं लागलं.

फोनवर चंपामावशी अजून बहिणीचा आवाज ओळखत. "अनू, निघालीस का ग?" विचारत. अनुसूयाबाई मुलाकडे बघत. मुलगा मोबाइलवर मोकळ्या खुर्च्या शोधत असे आणि बोटाने 'थोडं थांब' अशी खूण करी. मग अनुसूयाबाई फोनमध्ये सांगत, "यज्ञू तिकीट काढतोय." यज्ञेश्वररावांचं आईवर प्रेम नव्हतं असं कोणी समजू नये. तिला नेहमीच्या डब्यात कोंबून न्यायचं नाही, राणीसारखी न्यायची, असं त्यांनी मनापासून ठरवलं होतं. राणी फक्त तयार बसून होती.

दिवाळीची वाढ मिळाली. मग मोकळ्या खुर्च्या मिळाल्या नाहीत. मग मिळाल्या, पण त्या दिवशी एक रुपया अठ्ठावीस पैसेच पडत होते, आणि मंडळाने एकमताने थांबायला सांगितलं. अखेर होळीनंतरच्या एका मंगळवारी दोन रुंद खुर्च्या योग्य दराने दिसल्या. यज्ञेश्वररावांनी त्या घेतल्या आणि देवापुढे साखर ठेवली.

झाशी ते दिल्ली हा प्रवास रेल्वेच्या पासावर झाला. (त्याची नोंद मूल्यमापनात नाही, कारण तो फुकट होता.)

दिल्लीच्या विमानतळावर कार्डधारकांसाठी एक थंडगार दालन असतं. मऊ कोच, चहा-कॉफी, खायला हवं तेवढं. (पॉइंटांवर घेतलेल्या रुंद खुर्चीत हे दालन धरलेलं नसतं.) दारातल्या मुलीने कार्ड पाहून सांगितलं, "सर, आप फ्री हैं. माताजी का चार्ज लगेगा." आकडा ऐकून यज्ञेश्वरराव बाजूला आले. प्रश्न शास्त्राचा होता. आईचे पैसे भरावे तर पॉइंटामागे सात पैशांचं नुकसान. दोघांनीही बाहेर बसावं तर दालनाचा लाभ शून्य, म्हणजे नुकसान त्याहून मोठं. तेव्हा उभयपक्षी हिताचा मार्ग म्हणून ते एकटे आत गेले आणि आई बाहेर लोखंडी खुर्चीवर बसली. तिच्याजवळ शारदाबाईंचे पराठे होतेच.

यज्ञेश्वररावांनी उपमा दोनदा घेतला, सँडविच घेतलं, नको असताना सूप घेतलं. ते बाहेर आले तेव्हा अनुसूयाबाईंनी विचारलं, "झाला का उपहार?"

"झाला."

"कांदा होता?"

"होता."

"मग बरं झालं मी नाही आले," त्या म्हणाल्या, आणि पराठ्याचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. त्या दिवसापर्यंत त्या कार्डाने लघाटे घराण्याला प्रत्यक्ष जे काही दिलं होतं ते एवढं खाणंच, तेव्हा माहितीपत्रकाचा अर्थ सर्वांत अचूक त्यांनाच लागला होता असं म्हणावं लागेल.

विमानातली खुर्ची इतकी रुंद होती की अनुसूयाबाईंचे पाय जमिनीला टेकत नव्हते. यज्ञेश्वररावांनी त्यांचा फोटो काढून पॉइंट परिवाराला पाठवला. नागपूरच्या दंतवैद्यांनी स्वतः हात जोडल्याचं चित्र टाकलं.

पुण्याला चंपामावशी खिडकीजवळ बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. उषाने त्यांना सकाळपासून सांगून ठेवलं होतं. अनुसूयाबाई जवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला. चंपामावशींनी हात काढून घेतला नाही, पण परक्या बाईशी बोलावं तशा आदराने त्या हसल्या.

"आपण कोण?"

"चंपे, मी अनू."

"अनू माझी बहीण," चंपामावशी म्हणाल्या. "झाशीला असते. यायची आहे ती. मुलगा तिकीट काढतोय तिचं." मग थोडा आवाज खाली आणून, "तुम्हाला भेटली तर सांगाल का तिला? म्हणावं, लवकर ये."

उषा आत निघून गेली. यज्ञेश्वररावांनी मोबाइल खिशात ठेवला. अनुसूयाबाई मात्र हलल्या नाहीत. "सांगते हं," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत तो हात तसाच धरून बसल्या.

झाशीला परतल्यावर यज्ञेश्वररावांनी अंतिम मूल्य काढलं. एका पॉइंटाला एक रुपया एक्क्याऐंशी पैसे. उत्तर भारतात, बिगर-व्यापारी गटात, इतका दर त्या वर्षी कोणाला मिळाला नव्हता. मंडळाने त्यांना सल्लागार केलं. आता ते नवशिक्यांना मार्गदर्शन करतात, आणि मार्गदर्शनात चंपामावशींचा उल्लेख येत नाही, कारण त्यांचं मूल्य कोणत्या रकान्यात धरायचं याचा नियम अजून झालेला नाही.

इथवर आल्यावर वाचकांच्या मनात एक प्रश्न घोळत असणार. त्याची लाज वाटून घेऊ नये. चंपामावशींपाशी डोळे भरून आले तरी एक्क्याऐंशी पैशांपाशी ते पुसून सगळ्यांनीच आकडा नीट वाचला आहे, आणि कार्ड कोणत्या बँकेचं हे कथेत कुठेच आलं नाही याची हुरहुर लागून राहिली आहे. यज्ञेश्वररावांना विचारा, ते आनंदाने सांगतील. त्यांच्यामार्फत अर्ज भरला तर त्यांना दोन हजार पॉइंट मिळतात. ते त्यांना हवेच आहेत, कारण आई पुन्हा पुण्याला ने म्हणते. अनूला लवकर ये म्हणून सांगेन, असा शब्द ती चंपाला देऊन आली आहे. अर्ज भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तुमचंही कोणाकडे तरी जायचं राहिलंच असेल.