धक्का न लागणारी खुर्ची

"धक्का कशाला म्हणतात ते मला विचारा!" असं तोताराम छातीवर हात मारून सांगायचा, आणि त्याला ते सांगायचा अधिकारही होता. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तो स्टोअरला होता. तिथल्या पेट्या आपटल्या तर पेटी, स्टोअर आणि स्टोअरकीपर असे तिघेही एकदमच कायमच्या रजेवर जातात. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक पेटी आपटली नव्हती. म्हणून लग्नाला सात वर्षं होऊन कुंदाला दिवस राहिले, तेव्हा त्यानं तिलाही त्याच रीतीनं सांभाळायला घेतलं. तिच्या पाठीवर 'हळू उचला' असं रंगवायचं तेवढं बाकी ठेवलं!

सातव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मंगळवारी कुंदा बाळंतपणासाठी माहेरी, अमळनेरला जाणार होती. आणि शुक्रवारी तिनं तोंड उघडलं.

"अहो, मला जाण्याआधी आनंदमेळा बघायचाय."

मेहरूण तलावाजवळच्या मैदानावर मेळा लागून पंधरा दिवस झाले होते. आकाशपाळणा त्यांच्या गच्चीवरून दिसायचा, आणि त्यात बसलेल्या लोकांच्या किंकाळ्या घरात ऐकू यायच्या.

"त्या पाळण्यात? तू? या अवस्थेत?"

"पाळण्यात नाही हो! खाली उभं राहून गरम जिलबी खायची, आणि लोक कसे ओरडतात ते बघायचं. बस."

"जिलबी मी घरी आणतो. ओरडायला शेजारच्या निंबाला बोलावतो."

पण तेवढ्यात त्याची आई भिकुबाई, म्हणजे घरादाराची अक्का, दळण टाकून उठली.

"डोहाळा शे तो! ऱ्हायी गया ते लेकरूना कान फुटी!"

झालं! एकीकडे बाळाचा कान आणि दुसरीकडे सासऱ्यांचं कार्ड. आबांनी अमळनेरहून स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मुलीस कोणताही धक्का न लागता मंगळवारी पोचते करावे.' सात वर्षं आबांनी जावयाला एका शब्दानं दुखावलं नव्हतं, पण नातवंडाची वाट बघत ते म्हातारे झाले होते, हे तोतारामला दिसत होतं. रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी त्यानं कारखान्याची डायरी काढली आणि यादी करायला बसला. सतरा कलमं झाली!

कलम पहिलं, वेळ. सोमवार, सकाळी दहा. त्या दिवशी कानबाईचं विसर्जन. अख्खं गाव देवीच्या मागे जाणार, मेळ्यात चिटपाखरू नसणार! हे सुचलं तेव्हा तोतारामला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मेळेवाला एरवी संध्याकाळी उघडतो, तो नेमका सोमवारी सकाळीच का उघडतोय, हे मात्र त्यानं कुणाला विचारलं नाही.

कलम दुसरं, रिक्षा बंद. रस्त्यात खड्डे.

कलम तिसरं, खुर्ची! शेजारचा निंबा लग्नाचे मांडव घालायचा. त्याच्याकडून नवरदेवाची लाल मखमली खुर्ची आणली. खाली दोन लांब बांबू बांधले. उचलायला बाजारातून उखर्डू आणि त्याचे तीन सोबती ठरवले. हे चौघे ट्रकमध्ये केळी भरायचे.

"केळीच्या घडाला बोट लागू देत नाहीत हे लोक! त्यांच्या खांद्यावर कुंदाच्या पोटातलं पाणीसुद्धा हलणार नाही," तोताराम म्हणाला.

"मला चालता येतं हो!" कुंदा म्हणाली.

"चालता येतं म्हणून काय चालायचं?"



सोमवारी सकाळी खुर्ची दारात सजली. ऊन लागू नये म्हणून चार बाजूंना काठ्या उभारून कुंदाची हिरवी साडी पडद्यासारखी लावली. धूळ नको म्हणून समोरही पडदा. अक्कानं दृष्ट लागू नये म्हणून कडुनिंबाचे डहाळे खोवले, लिंबू-मिरच्या बांधल्या. खुर्चीला निंबाच्या मांडवातली झेंडूची माळ होतीच. आत चार उशा, एक दुलई, पाण्याचा छोटा माठ, आणि लाडवांचा डबा. त्या सगळ्यात जी जागा उरली तीत कुंदा बसली.

"आत भट्टी आहे हो!" पडद्यामागून आवाज आला.

"ऊब चांगली असते," तोताराम म्हणाला आणि यादीवर खूण केली.

खरंच, उखर्डूच्या माणसांनी कमाल केली. मैदानाच्या फाटकापर्यंत खुर्ची अशी आली, की तोतारामच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मेळा रिकामा! रस्ता रिकामा! तो विजयी मुद्रेनं तिकिटाच्या खिडकीशी गेला.

"तीन माणसं. दोन पायी, एक खुर्चीत."

"खुर्ची आत नेता येणार नाही," खिडकीतला माणूस म्हणाला.

"का? नियम दाखवा!"

"दाखवायचा काय? आजवर कुणी खुर्ची घेऊन आलंच नाही."

"म्हणजे नियम नाही! मग अडवता कसे? आतमध्ये गर्भवती बाई आहे. धक्का लागला तर तुम्ही जबाबदार!"

"मग बाईला आकाशपाळण्याला आणता कशाला?"

हा प्रश्न इतका बिनतोड होता, की तोतारामला राग आला. त्यानं डायरी उघडली आणि खिडकीतल्या माणसाला पहिल्यापासून सतरा कलमं वाचून दाखवायला सुरुवात केली. बाराव्या कलमाशी पोचला, तेव्हा मागे कुठेतरी संबळ आणि ताशा वाजू लागला. तेराव्याशी आला, तेव्हा वाजणं अगदी कानाशी आलं. चौदावं वाचायला त्यानं मान वर केली, तर खिडकीतला माणूस त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत हात जोडून उभा होता.

तोताराम वळला.

अख्खा रस्ता माणसांनी भरला होता! कुणाच्या डोक्यावर चौरंग, चौरंगावर हिरवी साडी नेसलेली, नथ घातलेली नारळाची कानबाई, अशा सात-आठ देव्या एकापाठोपाठ तलावाकडे निघालेल्या. बाया गाणी म्हणत होत्या, पोरी फुगड्या घालत होत्या. विसर्जनाची वाट याच मैदानावरून जात होती! आणि फाटकाशी, जिथे खुर्ची ठेवली होती, तिथे खुर्ची नव्हती.

उखर्डू नाही. त्याचे सोबती नाहीत. अक्का नाही.

मग ती दिसली! मिरवणुकीच्या मधोमध, चार अनोळखी माणसांच्या खांद्यावर, हिरवे पडदे हलवत, झेंडूची माळ उडवत, डुलत डुलत खुर्ची तलावाकडे चालली होती. आणि ते चौघे नाचत होते हो, नाचत!

झालं होतं असं. रस्त्याकडेला हिरव्या साडीतलं, कडुनिंबाचे डहाळे खोवलेलं, बांबूंवरचं आसन बेवारस दिसल्यावर कुणीतरी हळहळलं होतं, "कोनी तरी बिचारा थकी ग्यात. चला रे, खांदा द्या मायले!" आणि चार भल्या माणसांनी देवीला अर्ध्या वाटेवर टाकून जायचं नाही म्हणून खांदा दिला होता. खानदेशात श्रावणातल्या सोमवारी तुम्हीही दिला असता!

"थांबा! धक्का बसतोय! थांबा!" तोताराम धावत सुटला.

ताशापुढे त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? तो गर्दीत घुसला, कोपरं मारत पुढे गेला.

"अरे, त्यात माझी बायको आहे!"

एका म्हातारीनं वळून त्याच्याकडे डोळे वटारले. "तुनी बायको कशी? बठ्ठ्या गावनी माय शे ती!"

"माय नाही हो! म्हणजे होणार आहे! सातवा महिना!"

तो घामानं निथळत होता, हातपाय थरथरत होते, टोपी कुठल्या कुठे गेली होती. म्हातारीनं क्षणभर निरखून पाहिलं, आणि दोन्ही हात वर केले.

"याना आंगमा माय उनी वं!"

पुढचं फार झटपट घडलं. तोतारामच्या कपाळावर मूठभर कुंकू आलं. गळ्यात हार पडला. पायाशी नारळ फुटला. दोन बाया वाकून पाया पडल्या, आणि एक पागोटेवाला बाबा हात जोडून विचारू लागला, "पानी कधय येई, माय?"

"मला जाऊ द्या!" तोताराम किंचाळला.

"जावु द्या म्हनी ऱ्हायनी! वाट द्या, वाट द्या!"

वाट मिळाली, पण तोवर उशीर झाला होता. खुर्ची तलावात उतरली होती! पाणी माणसांच्या गुडघ्याशी, मग मांडीशी. खुर्चीचे पाय बुडाले. पडद्याचा काठ पाण्यात फुगला.

तोतारामनं बुटांसकट उडी टाकली. सात वर्षं, आबांचं कार्ड, बाळाचा कान, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. "कुंदा! हलू नकोस!" असं ओरडत तो पोचला आणि पडदा टराटरा फाडला.

आत चार उशा. दुलई. लाडवांचा डबा. कुंदा नाही!

"बुडाली!" त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की ताशा थांबला. संबळ थांबला. आकाशपाळण्यावरचं एक जोडपं ओरडत होतं, तेसुद्धा गप्प झालं. चार-पाच पोहणारे पाण्यात बुड्या मारू लागले. एकानं माठ वर काढला. तोताराम कमरेइतक्या पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. आयुष्यात एक पेटी आपटली नाही, आणि बायको पाण्यात पडली!

"अहो," काठावरून आवाज आला, "उशा भिजतायत."

काठावर कुंदा उभी होती. स्वतःच्या दोन पायांवर! एका हातात जिलबीचा कागद, दुसऱ्या हातात अक्काचा हात. दोघींच्या कपाळावर ताजं कुंकू. तोताराम पाण्यातून तसाच धावला, शेवाळावरून सटकला, पाय मुरगळला, पण उठून तिच्यापाशी पोचला आणि सगळ्या गावादेखत तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"धक्का बसला का? कुठे लागलं का?"

"आत्ता बसला, तुम्हाला पाण्यात बघून! तुम्ही तिकिटवाल्याशी भांडत होता, मला आत गुदमरायला झालं. अक्का म्हणाल्या, चल पायी. गेलो आत मागच्या बाजूनं. जिलबी खाल्ली, पाळणा बघितला, मग देवीच्या मागे चालत आलो."

"आणि खुर्ची? ओळखली नाहीस?"

"ओळखली की! मला वाटलं, तुम्हीच कानबाईला दिलीत. यादीत असेल एखादं कलम. म्हटलं, कधी नव्हे ते काहीतरी बरं सुचलं! मी तर ओटीसुद्धा भरली तिची."

उखर्डू आणि सोबती तंबाखू चोळत आले. "बाई तर कवाच उतरल्या भाऊ," उखर्डू म्हणाला. "तुमी सातव्या कलमावर व्हते."

तोतारामला एक पाऊल टाकता येईना. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. उखर्डूनं खुर्ची झटकली, उशा पिळल्या, आणि बांबूंकडे बोट दाखवलं.

कुंदा आणि अक्का पुढे चालत निघाल्या, गप्पा मारत, उरलेली जिलबी खात. मागे खुर्ची. लोक बघताहेत म्हणून तोतारामनं फाटका पडदा स्वतःच ओढून घेतला. आत खरंच भट्टी होती. आणि धक्के तर पावलापावलाला बसत होते.

फाटकाशी खुर्ची थांबली. पडद्यातून एक सुरकुतलेला हात आत आला. मघाची म्हातारी!

"माय, परत चालनी का? मन्या सूनले भी लेकरू दे वं," ती पुटपुटली, आणि हातातले तांदूळ, खण अन् नारळ पुढे केला.

पडद्यामागून बोलायची सोय नव्हती. तोतारामनं मुकाट्यानं ओल्या सदऱ्याचा घोळ पसरला, आणि ओटी भरून घेतली.