डब्यावर आहे, आत नाही

हिल्मी उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला, डीव्हीडीचा डबा डोळ्यांजवळ नेला आणि बैठकीतल्या सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं, "'नव्यानं स्वच्छ केलेला आवाज. सोबत कलाकारांच्या मुलाखती.' स्पष्ट छापलंय! मग मुलाखती कुठं गेल्या?"

"नसतील तर नसू द्या की," त्यांच्या पत्नी इन्शिराहबाई म्हणाल्या. "रव्याचा बसबूसा केलाय, घ्या ना सगळ्यांनी. गरम आहे."

"नसू द्या काय? आणि हा स्वच्छ आवाज म्हणे! नायक विहिरीत बसून बोलतोय आणि नायिका गादीखालून. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असा आवाज आला असता ना, तर मी स्वतः लाइन तोडली असती."

शुक्रवारचं जेवण आटोपून कैरोच्या शुब्रा भागातल्या त्या छोट्या घरात निम्मी इमारत जमली होती. निमित्तच तसं होतं. लग्नाआधी इन्शिराहबाईंनी तीन चित्रपटांत कामं केली होती. विनोदी, छोटी, पण लोकांच्या लक्षात राहिलेली. त्यांतला एक चित्रपट आता डीव्हीडीवर आला होता. डब्याच्या मागच्या बाजूला, टपालाच्या तिकिटाएवढा का होईना, बाईंचा फोटो होता. गेल्या हिवाळ्यात कंपनीची माणसं घरी येऊन त्यांची मुलाखतही घेऊन गेली होती.

आणि नेमकी ती मुलाखतच डिस्कवर नव्हती. हिल्मी उस्ताद संतापले होते. इन्शिराहबाई मात्र मनातल्या मनात परमेश्वराचे आभार मानत होत्या. कारण त्या मुलाखतीत त्या पोराटोरांनी विचारलं होतं, "मादाम, इतकं छान चाललं असताना तुम्ही काम का सोडलंत?" हिल्मी तेव्हा बाजारात गेले होते. चहा झाला होता, पोरं हसरी होती, समोर कॅमेरा होता. इतक्या वर्षांनी समोर कॅमेरा आल्यावर बाईंचा तोल गेला. त्यांनी खरं कारण सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं.

खरं कारण या क्षणी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून बसबूसा खात होतं. हिल्मींची थोरली बहीण, बुसैनाताई.

"हिल्मी," ताई म्हणाल्या, "पैसे टाकून आणलंस, तर जाब विचार. मलाही बघायचीय हिची मुलाखत."

"वन्सं, त्यात काही नाही हो बघण्यासारखं," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

"ते मी ठरवीन."

दुसऱ्याच दिवशी उस्ताद दोक्की भागातल्या डीव्हीडी कंपनीत थडकले. टेबलामागच्या तरुणानं डबा उलटसुलट केला. "चित्रपट चालतोय ना, हाजी? मग अडचण काय?"

"डब्यावर माझी बायको आहे. आत बायको नाही."

तरुणानं सहानुभूतीनं पाहिलं. "पोलिसांत कळवलंत?"

हा घोळ निस्तरेपर्यंत दोन चहा झाले. शेवटी आतून एक साहेब आले. पहिल्या खेपेच्या डिस्कवर मुलाखती टाकायच्याच राहिल्या होत्या, हे त्यांनी कबूल केलं आणि सुधारलेली डिस्क हातात ठेवली. उस्ताद लढाई जिंकल्यासारखे घरी आले आणि येतानाच जिन्यात प्रत्येक दारावर टकटक करून पुढच्या शुक्रवारचं आमंत्रण देऊन आले.

त्या आठवड्यात इन्शिराहबाईंनी काय काय नाही केलं! डिस्क पिठाच्या डब्यात लपवली, उस्तादांनी शोधली. डोकं दुखतंय म्हणाल्या. ताईंनी लिंबू पाठवलं. प्लेअर बिघडलाय म्हणाल्या, तर खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी आपला आणून दिला, वर साफसुद्धा करून दिला.

शुक्रवार आलाच. पडद्यावर इन्शिराहबाई दिसल्या, निळ्या पोशाखात, प्रसन्न. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून एक जाड पुरुषी आवाज बाहेर पडला: "मी या चित्रपटाचा छायालेखक. सगळ्यात जास्त त्रास आम्हाला घोड्यानं दिला."

 दंतवैद्य खोकल्यासारखे हसले.

"आवाज बदलला!" उस्ताद ओरडले. "गाढवांनी दुसऱ्याचा आवाज हिच्यावर चढवला!"

इन्शिराहबाईंच्या जिवात जीव आला. पण तो फार वेळ टिकला नाही. पडद्यावरच्या इन्शिराहबाई आता उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ओढणी हनुवटीखाली घट्ट ओढली, ओठ आवळले, एक भुवई वर चढवली आणि मानेला असा झटका दिला की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आपोआप एकाच खुर्चीकडे वळल्या.

"जरा दिवा लावला की मान झटकायचा," छायालेखक शांतपणे सांगत होते. "कुणी जवळ गेलं की फुरफुरायचा. तसा जातिवंत होता, पण आपल्यावाचून काही चालत नाही अशी त्याची समजूत होती."

आता कुणी हसत नव्हतं. म्हणजे सगळे उशा, रुमाल, पोरांची डोकी, जे मिळेल त्यात तोंड खुपसून बसले होते.

बुसैनाताईंनी ओढणी हनुवटीखाली ओढली. "बंद कर ते." उस्तादांनी बंद केलं. "ही मी आहे ना?"

"नाही हो, वन्सं, ती एका..."

"मी माझी मान ओळखते. काय बोलत होतीस? ते सांग."

पळायला जागा नव्हती. इन्शिराहबाई उभ्या राहिल्या.  पहिलं वाक्य ओठांवर आलं आणि त्यांच्यातली नटी जागी झाली. "'माझ्या भावाच्या बायकोला सगळा कैरो तिकीट काढून बघणार? उद्यापासून तू हसायचंस ते स्वयंपाकघरात!'" हुबेहूब तोच आवाज, तोच दम. मग त्या आपल्या आवाजात हळूच म्हणाल्या, "त्या रात्री खूप रडले मी, वन्सं."

हिल्मी उस्तादांनी मान खाली घातली. त्यांना हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला कंटाळा आला म्हणून तिनं काम सोडलं, एवढंच ते समजत होते.

 मग ताई म्हणाल्या, "चूक आहे हे."

"काय चूक?"

"मी असं म्हणालेच नव्हते. मी याहून वाईट म्हणाले होते." त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "विसरलीस? बरं झालं. मी नाही विसरले."

पुढच्या आठवड्यात उस्ताद पुन्हा दोक्कीला गेले. या वेळी साहेबांनीच डोक्याला हात लावला. मूळ आवाज पुसला गेला होता. एकच उपाय होता: बाईंनी स्टुडिओत येऊन, स्वतःचे ओठ बघत, सगळं पुन्हा बोलायचं.

इन्शिराहबाई गेल्या. सोबत बुसैनाताई. "माझं बोलणं मीच बोलणार," त्यांनी माइकसमोर बसतानाच जाहीर केलं. "हिला नीट आठवत नाही." आणि बोलल्यासुद्धा, एका दमात.

तिसरी डिस्क निघाली. आवाज स्वच्छ, मुलाखती जागच्या जागी. एका वर्तमानपत्रानं मुलाखतीचं भरभरून कौतुक केलं. शेवटी लिहिलं होतं: 'इन्शिराहबाईंनी काढलेला नणंदेचा आवाज लाजवाब, मात्र किंचित अतिरंजित वाटतो.'

"अतिरंजित?" ताई कडाडल्या. "मी? अतिरंजित?" त्या संपादकाला गाठायला निघाल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. रमजानमध्ये दाखवायच्या टीव्ही मालिकेसाठी एका दिग्दर्शकाला तोच नणंदेचा आवाज आणि तोच चेहरा हवा होता. इन्शिराहबाईंनी फोन छातीशी धरला आणि ताईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांनीही नजर आधी तिकडेच गेली.

"काय म्हणू, वन्सं?"

बुसैनाताई पायातले बूट काढून परत खुर्चीत बसल्या.

"गाडी पाठवणार आहेत का, ते आधी विचार," त्या म्हणाल्या. "नट्या काही बसनं जात नाहीत."