झाडावरचे सभासद आणि खडकावरची सून

“सून म्हणून चालेल हो, पण सभासद म्हणून नाही.”

मुलांनो, हे वाक्य एका जंगलात, चारोळीच्या एका थोरल्या झाडाच्या ढोलीत बोललं गेलं. बोलल्या त्या तुरेबाई, झाडावरच्या एक मानाच्या खार. ऐकत होते त्यांचे यजमान फांदेराव. आणि ज्या कानांसाठी ते नव्हतं, ते दोन कान ढोलीच्या बाहेर होते. ते होते त्यांच्या नव्या सुनेचे, झुबकीचे.

झुबकीच्या लग्नाला अजून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. तिच्या तोंडात फळं होती, म्हणून ती काही बोलली नाही. फळं नसती तरी बोलली नसती. पहिलं वर्षभर सासरी तोंड उघडायचं नाही, असं आईने तिला सांगून पाठवलं होतं. कान बंद ठेवायला मात्र आई सांगायची विसरली होती.

आता हे सभासदपण कसलं, ते सांगते.

ते झाड होतं अस्वलशेठचं. अस्वलशेठचा चारोळीचा धंदा होता. सिंहमहाराजांच्या बासुंदीत पडायची ती चारोळी ह्यांचीच. झाडावरच्या खारी फळं तोडत. झाडाखालच्या काळ्या खडकावर दुसऱ्या खारी ती वाळवत, फोडत आणि आतला दाणा काढत. खडकाला लागून असलेल्या गुहेत घुशी ते दाणे राखत. शेठ एक, धंदा एक, कामाच्या जागा तीन.

झुबकीचं माहेर खडकावरचं. तिचे वडील, आबा, अजून तिथेच दाणे फोडत होते. वैशाखातल्या दुपारी खडक असा तापे की आबा एका वेळी दोनच पाय टेकत, आणि मग चटकन पाय बदलत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा आनंदाने नाचतोय.

अस्वलशेठ लांबूनच पाहत असत.

खडकावरच्या खारींचं मागणं एकच होतं. बारा ते तीन काम बंद. झाडावरच्यांचंही एकच होतं. टोकाच्या बारीक फांद्यांवर चढायची सक्ती नको. तिथून पडलेल्या तीन खारी त्या हंगामात लंगडत होत्या.

म्हणून झाडावरच्या खारींनी युनियन काढली. फांदेराव अध्यक्ष झाले, तुरेबाई चिटणीस. “शेठने आम्हा झाडावरच्यांशी बोलणी करावीत,” असा अर्ज गेला. खडकाला कुणी विचारलंही नाही. का नाही, ते तुम्ही पहिल्याच वाक्यात ऐकलंत.

अर्ज आला की कुठली जागा कुठल्या गटात बसते, म्हणजे युनियन हवी की नको ह्यावर कुणी कुणी मिळून मत द्यायचं, ते आधी ठरवावं लागतं. त्यासाठी कामगार आयुक्त धनेशसाहेब उडत आले. धनेश पक्ष्याची चोच तुम्ही पाहिली असेल. एवढ्या मोठ्या चोचीतून निघालेलं काहीही खरंच वाटतं. चोचीत त्यांनी एक लांब वेल धरली होती. वेलीला ठरावीक अंतरावर गाठी होत्या. ह्या वेलीने ते हितसंबंध मोजत.

अर्जातलं ‘झाडावरच्या’ हे वाचून अस्वलशेठचे डोळे भरून आले.

“साहेब, झाड वेगळं काढता? आमच्या कुटुंबातून? अहो, झाड, खडक, गुहा, हे सगळे माझ्या एकाच छातीवरचे केस!”

शेठचे वकील साळिंदर शेजारीच होते. त्यांनी पाठीवरचा एक काटा उपटला आणि ते वाक्य पळसाच्या पानावर लिहून घेतलं.

धनेशसाहेबांनी झाडाच्या बुंध्यापासून गुहेच्या तोंडापर्यंत वेल धरली. दोनच गाठी भरल्या. “जवळ आहे,” ते म्हणाले. “तिन्ही जागा मिळून एक गट. घ्या मतदान.”

मतदान झालं. झाड आणि खडक मिळून खारी दोनशे. घुशी पाचशे. गुहा गार होती, आणि सांडलेले दाणे खाल्ले तर शेठ काही बोलत नसत. घुशींनी युनियन नको म्हणून सांगितलं. झालं, युनियन बुडाली.

झुबकीचं काम होतं तोडलेली फळं झाडावरून खडकावर पोचवायचं. दिवसातून चाळीस वेळा ती वर-खाली करी. त्यामुळे वरचे खालच्यांबद्दल काय म्हणतात आणि खालचे वरच्यांबद्दल काय म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. दोघे एकच म्हणत. “ते काय, मजेत आहेत.”

एकदा फळं उचलता उचलता ती नवऱ्याच्या कानाशी लागली. नवऱ्याचं नाव टुणक्या.

“अहो, झाड आणि खडक, दोघांनीच मिळून मागितलं तर? फळ तोडलंच नाही तर वाळवणार काय? आणि फोडलंच नाही तर घुशी राखणार काय?”

“तुला नाही कळायचं त्यातलं,” टुणक्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभेत त्याने तेच उभं राहून मांडलं. ‘अहो’ तेवढं गाळलं. टाळ्या पडल्या. “लहानपणापासूनच डोक्याने तल्लख आहे हो माझा टुणक्या,” असं तुरेबाई शेजारणीला सांगत राहिल्या. झुबकी खाली मान घालून फळं मोजत होती.

“पण खडकावरच्यांना घ्यायचं ते अर्जापुरतं हं,” तुरेबाईंनी बजावलं. “उद्या ढोलीत येऊन बसायचे.”

दुसरा अर्ज गेला. धनेशसाहेब पुन्हा आले. ह्या वेळी अस्वलशेठ पोट धरून हसले.

“झाड आणि खडक? एका गटात? साहेब, झाड कुठे, खडक कुठे! काय संबंध?”

साळिंदर वकिलांनी मागचंच पळसाचं पान काढलं, उलटं केलं आणि पानाच्या मागच्या बाजूला हे लिहून घेतलं. पान वाया घालवणं त्यांना आवडत नसे.

धनेशसाहेबांनी ह्या वेळी वेल शेंड्यापासून खाली सोडली. सात गाठी भरल्या. “लांब आहे,” ते म्हणाले. “तरी साक्षीदार असेल तर बोलवा.”

साक्षीला तुरेबाई उभ्या राहिल्या. शेपटी दोनदा विंचरून आल्या होत्या. सगळे भाऊबंद फांद्यांवर दाटीने बसले होते. खाली खडकावरच्या खारी माना वर करून उभ्या होत्या. त्यांत आबाही होते, पाय बदलत.

साळिंदर वकील अदबीने म्हणाले, “बाई, खडकावरच्यांशी आपले संबंध कसे?”

“उत्तम! सून केलीय तिथली.”

“वा, वा. म्हणजे येणं-जाणं असेलच.”

“ती आली. आम्ही कशाला जातोय?”

“असं, असं. आणि दुपारचं खाणं? ते तरी एकत्र असेल?”

वकील कुठे निघालाय ते झुबकीला दिसलं. तिने समोरून सासूबाईंना मान हलवून खुणावलं, हो म्हणा, नुसतं हो म्हणा. तुरेबाईंनी ते पाहिलं. पण मागे भाऊबंद बसले होते. ते घरी जाऊन काय बोलतील, हा प्रश्न मोठा होता.

“अगंबाई, एकत्र कसं?” त्या म्हणाल्या. “आमच्यात ताज्या फळाचा गर खातात. त्यांच्यात फोडताना उडालेला चुरा. सुनेला मी पहिल्या दिवशीच वेगळी करवंटी काढून दिलीय.”

“वेगळी करवंटी,” असं पुटपुटत साळिंदर वकिलांनी दुसरा काटा उपटला. “आणखी काही वेगळं?”

“पाठीवरचे पट्टे बघा की! आमचे कसे ठसठशीत. त्यांचे उन्हाने विटलेले.”

“आभारी आहे, बाई. मला आणखी काही विचारायचं नाही.”

तुरेबाई तोऱ्यात खाली उतरल्या. “कशी बोलले?” त्यांनी विचारलं. टाळ्या एकाच्याच वाजल्या. अस्वलशेठ उभे राहून वाजवत होते.

धनेशसाहेबांनी निकाल दिला. “झाडावरच्यांचा हितसंबंध खडकावरच्यांशी नाही, असं झाडावरच्याच सांगतात. सबब झाड हा एक गट. खडक दगडाचा, गुहाही दगडाची. सबब खडक आणि गुहा हा दुसरा गट.”

“आणि फळं खाली पोचवणाऱ्या?” खालून आबांनी विचारलं.

धनेशसाहेबांनी वेल मोजली, चोच खाजवली, आकाशाकडे पाहिलं. “त्या धड झाडावर नाहीत, धड खडकावर नाहीत. त्यांचे हितसंबंध हवेत आहेत. त्या कुठल्याच गटात नाहीत.”

झुबकीने तोंड उघडलं. मग आईची आठवण झाली. तिने तोंडात एक फळ घातलं आणि चावत राहिली.

झाडावरची युनियन एकमताने निवडून आली. गुलाल उडाला. खडकावर पाचशे घुशींपुढे खारींचं काही चाललं नाही. खडक पूर्वीसारखाच तापत राहिला आणि आबा पूर्वीसारखेच नाचत राहिले. झुबकी फळं घेऊन खाली गेली की चिखलाचा गोळा त्यांच्या तळव्यांना लावी. वर येईपर्यंत तो वाळून गळून पडे.

फांदेरावांबरोबर बोलणी करायला अस्वलशेठ अगदी तयार होते. फक्त घाई त्यांना पसंत नव्हती. एकदा त्यांचा उपास निघाला. एकदा त्यांच्या मेव्हण्याला मधमाश्या चावल्या. एकदा बोलणी नेमकी कुठल्या फांदीवर बसून करायची, ह्यावर चार दिवस गेले. तोवर तोडणी चालूच होती. पण एकविसाव्या दिवशी शेठने एकही शब्द न बदलता सही केली. टोकाच्या फांदीवर चढायची सक्ती कुणालाही नाही.

फांदेरावांनी हात जोडले. “शेठ, तुम्ही मनाने मोठे.”

“अरे, त्यात काय,” शेठ म्हणाले. “झाडावर फळ आहे कुठे आता?”

सगळ्यांनी वर पाहिलं. खरंच, एक फळ नव्हतं.

“तेव्हा तुमचं अभिनंदन,” शेठ पुढे म्हणाले, “आणि उद्यापासून सगळे खडकावर. पावसाच्या आत फोडून व्हायला हवं.”

“आणि आमचा करार?”

“तो झाडावर लागू आहे. हौस वाटली तर जाऊन बसा झाडावर. फक्त टोकाला जाऊ नका बरं का.”

दुसऱ्या दिवशी झाडावरच्या झाडून साऱ्या खारी खडकावर उतरल्या. अकरापर्यंत त्यांनी नाकं मुरडली. साडेअकराला त्या गप्प झाल्या. बाराला तुरेबाईंनी एक पाय उचलला. मग दुसरा. मग पहिला खाली आणि तिसरा वर. त्यांच्या शेजारी आबा गेली कित्येक वर्षं तेच करत होते, म्हणून त्यांची लय चांगली होती.

“असं नाही, विहीणबाई,” आबा समजुतीने म्हणाले. “आधी पुढचा डावा, मग मागचा उजवा. म्हणजे तोल जात नाही.”

लांबून अस्वलशेठ साळिंदर वकिलांना म्हणाले, “पाहा, व्याही-विहिणी कसे खेळीमेळीने नाचतायत. उगाच म्हणतात हो, झाड आणि खडक वेगळे म्हणून.”

“लिहून घेऊ?” वकिलांनी विचारलं.

“नको. हे पान जाऊ द्या.”

तेवढ्यात झुबकी खडकाच्या मधोमध आली. तिने तोडून ठेवलेल्या फळांचं शेवटचं ओझं उतरवलं. एका झुकलेल्या दगडाच्या पायथ्याशी तीन खारी मावतील एवढी सावली होती. त्या सावलीत ती बसली. शेपटी डोक्यावरून पुढे घेतली आणि डोळे मिटले.

फोडण्याचा कटकट आवाज थांबला. सगळ्या खारी पाहू लागल्या. अस्वलशेठ उठून उभे राहिले. बसणारी नक्की कुठल्या गटातली आणि तिच्यावर कारवाई कुठल्या गटाने करायची, हे ठरवायला धनेशसाहेबांना निरोप गेला. ते वेल सोडवत सोडवत आले.

तुरेबाई नाचत नाचतच जवळ आल्या.

“सूनबाई, ऊठ गं! सगळे बघतायत. लोक काय म्हणतील? शेठ काय म्हणतील? आणि तू तर कुठल्याच गटात नाहीस. तुला बसायला सांगितलं तरी कुणी?”

झुबकीने डोळे उघडले. आधी तिने धनेशसाहेबांच्या वेलीकडे पाहिलं, मग आबांच्या पायांकडे, मग सासूबाईंच्या. आठही तळवे सारखेच लाल होते. तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच ती चारचौघांत मोठ्याने बोलली.

“सासूबाई, सून म्हणून नाही चालले तरी चालेल. सभासदही करू नका. पण बारा वाजलेत आणि तुमचे पाय भाजतायत. बसा इथे माझ्याशेजारी. आबा, तुम्हीही या. आणि हो, मी करवंटी एकच आणलीय.”

तात्पर्य : मालकांनो, कामगारांना चटके द्यायला हरकत नाही, पण प्रत्येकाला वेगवेगळ्या ठिकाणी द्यावेत. सगळ्यांना एकाच खडकावर आणून सारखाच चटका दिला, तर आयुक्तांची वेल कितीही लांब असली तरी पुढे मोजायला काही उरत नाही.