पॅरिसच्या कोटाचा खोडाळ्यातला भाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगतो, खोडाळ्याच्या बाजारातल्या धर्मा मास्तरांचे. मास्तर म्हटलं की लोकांना शाळा आठवते. हे मास्तर टेलर आहेत. आश्रमशाळेतल्या पोरांचे गणवेश, बायकांची पोलकी आणि म्हाताऱ्यांच्या बंड्या शिवणारे. नाशिकच्या पलीकडे ते कधी गेलेले नाहीत. पण एका नामांकित कंपनीचा काळा लोकरी कोट पॅरिसमध्ये कितीला, दुबईत कितीला आणि सिंगापुरात कितीला, हे त्यांना तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा, सांगतील. वर विचारतील, "सेलातला भाव सांगू का खरा?"

हे वेड त्यांना माझ्यामुळे लागलं, म्हणून ते कसं लागलं तेही मीच सांगायला हवं.

मी सूर्यमाळच्या खालच्या एका पाड्यावरचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. जव्हारच्या कॉलेजात शिकत असताना रविवारी जवळच्या ऐतिहासिक शिरपामाळला जायचो आणि येणाऱ्या पाहुण्यांना माहिती सांगायचो. असाच एक पाहुणा म्हणाला, "तू छान बोलतोस. आमच्या ओळखीची टूर कंपनी आहे, परदेशी सहली काढतात. इंटरव्ह्यू देऊन बघ. फक्त कोट घालून जा."

कोट! आमच्या पाड्यावर कोट कुणी पाहिलाही नव्हता. मी धर्मा मास्तरांकडे गेलो.

मास्तर म्हणाले, "कोट ना? शिवू की. त्यात काय!"

मास्तरांनीही आजवर कोट शिवलेला नव्हता, हे मला नंतर कळलं. लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट मात्र त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे. त्यामुळे कोट म्हणजे काय, याचा त्यांच्यापुढे एकच नमुना होता. तिसऱ्या दिवशी माझा कोट तयार झाला. मरून रंगाचा. खांद्यांत कापूस, छातीवर सोनेरी बटणांच्या दोन रांगा, बाहीला पिवळी पट्टी. एसटीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "वरात कुठं हाय?"

इंटरव्ह्यूत तीन साहेब बसले होते. मी आत गेलो तसे तिघेही बोलायचे थांबले. मला वाटलं, संपलं. पण मधले साहेब हसत हसत बाजूच्यांना म्हणाले, "विमानतळावर चाळीस ज्येष्ठ नागरिकांना हा माणूस शोधत बसावं लागणार नाही. लांबून दिसतो. घ्या याला." पुढचे प्रश्न झाले, माझी उत्तरं बरी आली, पण नोकरी त्या कोटानेच दिली असं मी आजही मानतो.

पेढे घेऊन मास्तरांकडे गेलो आणि विचारलं, "मास्तर, कोटाचे किती द्यायचे?"

"मला काय ठावं? कोटाचा भाव काय असतो ते मी कुठं बघितलंय?" मास्तर पेढा खात म्हणाले. "तू आता जग फिरशील. तिकडं कोट कितीला हाय ते बघ नि सांग. मंग ठरवू."

मला वाटलं, गंमत करतायत. माझी पहिली सहल पॅरिसला गेली. मंडळी जेवायला बसली होती आणि माझा फोन वाजला. "यशा, बघितलास का?"

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तसल्या महागड्या दुकानात पाऊल टाकलं. दारात सुटाबुटातला धिप्पाड पहारेकरी. आत इतकी शांतता की आपल्याच बुटांची लाज वाटावी. एवढ्या मोठ्या दुकानात कोट मोजून सहा. आमच्या बाजारात एका दोरीवर याहून जास्त शर्ट लटकतात. मी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे मास्तर, गळ्यात टेप, मागे गणवेशांचा ढीग.

"भाव सांग, मंग शिवण दाखव," मास्तर म्हणाले.

"एकोणतीसशे युरो," समोरच्या काळ्या लोकरी कोटाची चिठ्ठी वाचत मी म्हणालो.

"आपल्यात सांग."

मास्तरांचं 'आपल्यात' म्हणजे रुपये नव्हे. ते सगळा हिशेब गणवेशांत करतात. एका गणवेशाची शिलाई धरून मी भागाकार केला. "बाराशे गणवेश."

पलीकडे मशीन थांबलं. "बाराशे? म्हंजे आपल्या आश्रमशाळेची तीन वर्षं अंगात घालून फिरतंत का काय ही मानसं?" मग एकदम उत्साहाने, "उलटा कर! आतून दाव!"

मी घाबरत घाबरत कोट उलटा केला. विक्रेती लगबगीने आली. आता हाकलणार, असं वाटलं. तिने विचारलं, "फोनवर कोण आहेत?" मी खरं तेच सांगितलं, "माझे टेलर."

तिचा चेहराच बदलला. स्वतःचा टेलर असलेला आणि त्याला विचारल्याशिवाय कोट न घेणारा माणूस! तिने मला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि स्वतः कोटाचं अस्तर उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. खोडाळ्यात मास्तरांनी नाक स्क्रीनला लावलं. "काजं हातानं केलीत रं! आतल्या शिवणीला दोन बोटं कापड बी सोडलंय, वाढवायला. बाईला सांग, काम झ्याक हाय." मी सांगितलं. बाईने छातीवर हात ठेवून मान लववली. मास्तरांनीही टेप सावरत नमस्कार केला.

तेव्हापासून नेमच झाला. युरोपात साडेबाराला मंडळी जेवायला बसली, म्हणजे खोडाळ्यात चार वाजले, की माझा फोन जायचा. कोट तोच, देश नवा. दुबईत तेराशे गणवेश. मास्तर भडकले, "तिकडं थंडी नाय तं कोट महाग कसा?" सिंगापुरात त्याहून जास्त. मिलानला तो निम्म्या भावात दिसला तेव्हा मी आनंदाने ओरडलोच, पण मास्तरांनी शांतपणे विचारलं, "सेल लागलाय का?" लागला होता. "मंग तो भाव धरू नको."

'तो भाव धरू नको' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पॅरिसला विमानतळावर पावती दाखवली की पर्यटकाला कराचे काही पैसे परत मिळतात, हे कळलं त्या दिवशी तर ते दुकान सोडून शेजारच्या सुमनमावशीच्या चहाच्या टपरीवर गेले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "सरकार पैसे माघारी देतं! प्यारिसचा भाव धरा!" जणू टपरीवरचे सगळे संध्याकाळच्या गाडीने पॅरिसलाच निघाले होते.

हसू नका. या वेडाने माझं नाव झालं. आमच्या सहलीतल्या बायका पर्स पाहून हरखल्या की मी सांगायचो, "काकू, दुबईत घेऊ नका. पॅरिसला तीच आहे, आणि कर परत मिळेल." ठाण्याच्या एका काकू म्हणाल्या, "अय्या, तुम्ही फॅशनचं शिकलात कुठे?" मी म्हटलं, "खोडाळ्याला." त्यांना ते इटलीतलं गाव वाटलं.

आणि मग मी एक चूक केली.

गावी गेलो होतो. मास्तरांसाठी नवा मोबाइल नेला होता आणि त्यात एक अ‍ॅप घातलं होतं. वस्तू निवडली की सगळ्या देशांतले भाव एकाखाली एक. मी फुशारकीने दाखवलं, "हे बघा मास्तर, वीस देश! आता कुणाला विचारायला नको. तुमच्या कोटाचा भावही ठरवून टाका एकदाचा, हिशेब मिटेल."

मास्तरांनी बोटाने वर-खाली करून पाहिलं. "बरं झालं," म्हणाले. "तुझा तरास वाचला." आणि कात्री घेऊन कापड कापायला लागले.

त्यानंतर मी चारचा फोन बंद केला, त्यांचाही आला नाही. मलाही, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. जेवण गरम मिळू लागलं. दोन सहली गेल्या. तिसरीत मिलानला त्याच दुकानापाशी पाय आपोआप थांबले. काचेत कोट होता, भावही लिहिलेला होता, पण सांगायचा कुणाला? मी फोन लावला.

"सगळं हाय मोबाइलात," मास्तर म्हणाले. "तू तुझं काम बघ. फोनला पैसं पडतात." आणि ठेवला.

मला चैन पडेना. मी सुमनमावशीला फोन केला. "मावशी, मास्तर बरे आहेत ना?"

"बरे हायत. पन चार वाजले का मशीन बंद करून बसतंत. गिऱ्हाइक आलं तरी पाय हालवत नाय. मी म्हनलं, काय ओ मास्तर, पाय दुखतंत का? तं म्हनले, मशीनच्या आवाजात मोबाइलची रिंग ऐकू येत नाय."

"मग मी केला तेव्हा ठेवला का लगेच?"

"मला काय ठावं बाबा. पोरगी सासरी, घरात दुसरं मानूस नाय. फोन ठेवला नि मंग उगाच टेप गुंडाळत बसले व्हते."

फोनवर बोललो असतो तर मास्तरांनी पुन्हा पैशांचं कारण सांगून ठेवला असता. म्हणून मुंबईला परतल्यावर मी पत्र लिहिलं. ते असं :

ती. मास्तरांना यशवंताचा शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं खुशाल आहे. मोबाइलातलं ते अ‍ॅप मी तुमच्या सोयीसाठी दिलं असं म्हणालो होतो. ते खरं नाही. माझ्या सोयीसाठी दिलं होतं. माझं चुकलं. कोटाचा हिशेब मिटवायची मला काही घाई नाही.

पुढच्या महिन्यात मी जपानला पहिल्यांदाच जातो आहे. तिथला पैसा वेगळा, माणसं वेगळी. एकट्याने दुकानात जायची मला भीती वाटते. तुम्ही फोनवर असलात तर जाईन, नाहीतर बाहेरूनच परत येईन.

एक लक्षात असू द्या. जपानचं घड्याळ आपल्या पुढे आहे. मला दुपारी सवड मिळेल तेव्हा खोडाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतील. तर त्या आठवड्यात मशीन चार वाजता नको, नऊला बंद ठेवा. मी रोज करीन.

तुमचा,
यशा