पांढरीपांडेंची सुट्टीची वेळ

पांढरीपांडे रोज संध्याकाळी साडेपाचला स्वतःच्याच रिकाम्या घराची बेल वाजवत. किल्ली खिशात असताना. एकदा बेल दाबायची, दोन पावलं मागे सरायचं, केसांवरून हात फिरवायचा आणि वाट बघत उभं राहायचं.

आयर्लंडमधल्या ओंगारमध्ये त्यांचं घर आमच्या बरोब्बर समोर. आम्ही दोघं एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, एकाच टीममध्ये. त्यांच्या नागपुरी आडनावापुढे आयरिश सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हात टेकले आणि त्यांचा ‘पँडी’ केला. बायको, मंदावहिनी, २०२०च्या फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेल्या. मग विमानं बंद झाली, सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि वहिनी तिकडेच राहिल्या.

लॉकडाऊन लागल्यावर आम्ही सगळे अंथरुणातून थेट लॅपटॉपवर पडू लागलो. पांढरीपांडे नाहीत. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात डबा. घराला कुलूप लावून कॉलनीला एक चक्कर मारायची, मागच्या दाराने आत शिरायचं आणि कामाला बसायचं. संध्याकाळी मागच्या दाराने सुटून, उलटी चक्कर मारून पुढच्या दाराशी.

“ऑफिस ऑफिसातच सोडून यावं जी,” ते मला रस्त्यापलीकडून सांगत. “घरात आणलं की ते आपल्या आधी पलंगावर लोळते.”

काम पंचवीस मिनिटं. मग स्वयंपाकघरातला टायमर वाजला की पाच मिनिटं शवासन, कॅमेरा चालू असला तरी. एकदा भर मीटिंगमध्ये ते खुर्चीतून खाली गेले आणि पडद्यावर मोजे घातलेले दोन निश्चल पाय तेवढे उरले. आमची बॉस शिवॉन “पँडी? पँडी?” करत राहिली. मलाही बघवेना, कारण ते पाय दक्षिणेकडे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. टायमर वाजला. पांढरीपांडे उठून बसले आणि ‘सगळं छान’ या आयरिश थाटात म्हणाले, “ग्रँड. पुढे?”

इथवर हसू यायचं. नोव्हेंबरात ते थांबलं. साडेपाचला मिट्ट काळोख, धुकं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते. समोरच्या घरात एकही दिवा नव्हता. पांढरीपांडेंनी बेल वाजवली आणि दारातून बाईचा आवाज आला.

“आले का? मोजे बाहेरच काढा. ओले असतील.”

“हो,” म्हणून ते खरोखर वाकून मोजे काढू लागले.

माझ्या हातून डबा सुटला. माझी मुलगी खिडकीतून ओरडली, “आई, हूज इन देअर विथ युअर मॅन?” ‘युअर मॅन’ म्हणजे इथल्या बोलीत नुसता ‘तो माणूस’. मी तिला पडदा ओढायला लावलं. रामरक्षा निम्मीच आठवली. चांगली इंजिनिअर बाई मी, पण चार दिवस त्या दिशेला पाहिलं नाही.

शेवटी धीर करून विचारलं. ते ओशाळले. बेलला कॅमेरा होता, स्पीकर होता, आणि ती वहिनींच्या फोनला जोडलेली होती. इथे बेल वाजली की नागपुरात त्यांचा फोन वाजायचा.

“दार उघडायला कोणी नसलं तर माणूस ऑफिसातून सुटतच नाही,” ते म्हणाले. “ती आवाज देते. बाकी दार माझं मीच उघडतो.”

मी पोट धरून हसले. पुढे साडेपाचला मीही खिडकीत येऊ लागले. वहिनी भाजी काय केली विचारायच्या, मफलर कुठे आहे ते सांगायच्या.

एप्रिलमध्ये आवाज थांबला. पांढरीपांडे बेल वाजवून उभे राहायचे आणि दारातून काहीच यायचं नाही. आधी बाई बोलली म्हणून मी घाबरले होते. आता ती बोलत नाही म्हणून जास्त घाबरले. पाचव्या दिवशी रस्ता ओलांडून त्यांच्यापासून दोन मीटरवर उभी राहिले.

“ऑक्सिजनवर आहे,” ते दाराकडेच बघत म्हणाले. “बोलायचं नाही म्हणाले डॉक्टर.”

“मग फोन उचलतात तरी का?”

“इथून कळत नाही. नर्सबाईंना सांगितलंय, उशाशी ठेवा म्हणून.” त्यांनी कॉलर सारखी केली. “उचललाच, तर मी दिसलो पाहिजे ना! शर्ट इस्त्रीचा आहे, वेळेवर घरी आलोय, मजेत आहे. तेवढी तरी काळजी कमी तिची.”

त्यांनी बेल दाबली, दोन पावलं मागे सरले आणि त्या काळ्या भिंगाकडे बघून छान हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा मी कॅमेऱ्याच्या बाहेर सरकले.