फुंकणीचा मिस्त्री

नागोराव मिस्त्री जगातली कुठलीही वस्तू आधी हाताच्या पाठीने शिवायचा. चहाचा पेला, दाराची कडी, बैलाचं शिंग, लग्नाच्या पंगतीत पानावर पडलेली जिलेबी. तळहात नंतर. एकदा आम्ही औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरलो, तर पिंडीलाही त्याने तसाच हात लावला. पुजारी खेकसला, "अहो मिस्त्री, देव हाय तो! काहून असं करून राहिले?"

नागोराव शांतपणे म्हणाला, "देव हाय म्हणूनच. त्याचा खटका कुठं असतो, तुमाला तरी ठाऊक हाय का?"

यामागे कारण होतं. विजेच्या वस्तूला तळहात लावला आणि आत वीज असली, तर बोटं आवळली जातात आणि माणूस तिथेच चिकटतो. हाताची पाठ लावली तर हात झटक्याने मागे येतो. हे खरं आहे. पण जिलेबीत वीज नसते, हे त्याला कोण सांगणार?

हा माणूस हिंगोलीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री होता आणि मी तिथला मुनीम. निजामाचं राज्य होतं, दूर कुठेतरी लढाई चालू होती आणि तिच्यापायी आमच्याकडे साधा स्क्रूसुद्धा मिळत नव्हता. नागोरावच्या गोष्टी सांगून मी आयुष्यभर लोकांना हसवत आलो. त्यातली एक तर इतक्यांदा सांगितली की माझ्या नातवंडांनाही ती पाठ आहे. स्वतःच्याच मशीनचं तोंड स्वतःच्याच गोधडीने दाबणाऱ्या मिस्त्रीची गोष्ट. ती गोष्ट खोटी आहे. सांगतानाही मला ते माहीत होतं. ऐकणारे थोडेच उरलेत, तेवढ्यांना तरी खरं सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे. पण म्हणून कुणी त्याला संत समजू नये. अत्यंत असह्य माणूस होता.

बांबूसारखा उंच, वर खाकी कोट. कोटाला रेल्वेची पितळी बटणं. तो कोट वैशाखातही अंगावरून उतरत नसे. "सिकंदराबादच्या कारखान्यात," तो सुरू करायचा, "गोरा साहेब मला विचारल्याबिगर खटका पाडत नव्हता." तिकडून आलेला एक गार्ड पुढे मला म्हणाला की नागोरावकडे फलाटावरचे कंदील पुसायचं काम होतं. मी हे नागोरावला सांगितलं. तो म्हणाला, "कंदील पुसताना साहेब विचारायला येत होता."

आता त्याच्या मशीनबद्दल. दिवाळीनंतर दवाने भिजलेला कापूस जिनात अडकायचा, सरकीपासून सुटायचा नाही. म्हणून शेठजींनी लढाईच्या आधीच मुंबईहून विजेवर चालणारं गरम हवेचं यंत्र आणलं. लोखंडी पेटी, मागे पंखा, आत तारांची वेटोळी. पंखा मागच्या जाळीतून हवा ओढायचा, लाल झालेल्या तारांवरून ती पुढे ढकलायचा आणि पत्र्याच्या नळ्यातून कापूस वाळवायच्या खोलीत सोडायचा. वीज जिनाच्याच डायनामोची. बायकांनी यंत्राचं नाव ठेवलं फुंकणी. नागोरावला ते नाव सहन होत नसे. मग त्यानेही तेच वापरायला सुरुवात केली, कारण दुसरं कुणाला समजतच नव्हतं.

या फुंकणीची रोज दुपारी सेवा चाले, आणि तेवढा वेळ सगळं जिन त्याच्या तोंडाकडे बघत बसे. आधी तारांचा खटका पाडायचा, पण पंखा चालूच ठेवायचा. तारा काळ्या पडून पेटी गार झाली की मग पंखा बंद. फ्यूज काढून कोटाच्या आतल्या खिशात. खटक्याच्या पेटीला कुलूप, आणि ते कुलूप त्याच्या स्वतःच्या घराचं! कारखान्याच्या कुलपावर त्याचा भरवसा नव्हता. त्याचं घर दिवसभर सताड उघडं असे आणि कुत्री आत जाऊन निजत. कुलूप लावल्यावर दोन तारांना जोडलेला दिवा लावून बघायचा, तो पेटत नाही ना म्हणून. मग हाताची पाठ. मग कुठे झाकण उघडायचं आणि भाता घेऊन आतला उडता कापूस साफ करायचा.

"मिस्त्री," शेठजी कळवळायचे, "गाड्या दारात उभ्या हायत. एक दिवस न्हाई पुसलं तर काय होतंय?"

"बंद, थंड, मगच हात," नागोराव म्हणायचा. हे त्याचं ब्रीद. "तारेवर एवढासा कापूस बसला, तर त्याचा निखारा होऊन नळ्यातून जातोय, शेठजी. पुढं तुमचा ढीग हाय. माझं काय, मी कोट घालून बाहेर पळेन."

हे ब्रीद तो सगळीकडे लावायचा. जिनातल्या मुकादमाचं आणि त्याच्या भावाचं शेतावरून वाजलं. मध्यस्थीला नागोराव गेला, आणि दोघांना दोन झाडांखाली बसवून "बंद, थंड" म्हणत स्वतः घरी जेवायला निघून आला. ते दोघे संध्याकाळपर्यंत बसून होते. भांडण मिटलं, कारण दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या.

पेटीपासून एक जाड तार निघून भिंतीबाहेर जमिनीत पुरली होती. पेटीत चुकून वीज उतरली तर तिने मातीत जावं म्हणून. माती ओली राहावी यासाठी नागोराव रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी ओतायचा. बायकांनी ते पाहिलं. थोड्या दिवसांत तिथे हळदकुंकू दिसू लागलं, मग एक शेंदूर लावलेला गोटा. नागोराव संतापून शेठजींकडे गेला, वाटेतच थांबला आणि परत आला. मला म्हणाला, "असू द्या. तारेवर पाय तरी देणार न्हाई कुणी."

त्याला सगळ्यात जास्त राग होता लेकरांचा. कापूस निवडणाऱ्या बाया आपापली लेकरं घेऊन येत आणि शेडच्या वाशाला लुगड्याच्या झोळ्या बांधत. फुंकणीचं मागचं तोंड त्याच शेडमध्ये होतं. "हे जिन हाय का बाळंतिणीची खोली?" नागोराव ओरडायचा. एखादं पोरगं रडायला लागलं की हा कानांवर हात ठेवून म्हणायचा, "मला पंख्याचा आवाज ऐकू येऊन न्हाई राहिला! गप करा त्याला!" बाया पदराआड हसायच्या. त्यांच्यातली एक आखाडा बाळापूरची सखू. नवरा गेलेला, माहेर नाही, सासरच्यांनी बाहेर काढलेली. जिनातलं काम हाच तिचा आधार. तिचं लेकरू सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्याने रडणारं.

पौषातली एक सकाळ. मी आणि नागोराव ओट्यावर चहा पीत होतो आणि त्याच्या गोष्टीतला गोरा साहेब सिकंदराबादेत खटक्यापाशी येऊन पोचला होता. एकदम नागोराव थांबला. बशी ओठांशी तशीच.

"तिचं तोंड दाबलं कुणीतरी," तो म्हणाला.

मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. त्याने बशी माझ्या मांडीवर ठेवली आणि धावला. कोट घातलेला बांबू धावताना मी पहिल्यांदाच पाहिला. मी पोचेपर्यंत त्याने दोन्ही खटके पाडले होते आणि नळ्याचं झाकण लावलं होतं. पेटीतून धूर निघत होता. मागच्या जाळीला एक गोधडी चिकटली होती. पंखा हवा ओढताना थंडगार वारं शेडमधून जायचं. ते झोळीवर येऊ नये म्हणून कुणीतरी ती जाळीवर लावली होती आणि पंख्याने ती घट्ट ओढून धरली होती. हवा बंद, तारा चालू. आत तारा पांढऱ्या पडेपर्यंत तापल्या होत्या.

"लेकरं उचला! आधी लेकरं!" नागोराव ओरडला. मुकादम बादली घेऊन आला तर त्याच्यासमोर हा हात पसरून उभा. "पाणी न्हाई! वाळू आण! विजेला पाणी पाजतो का रे, गाढवा?"

वाळू पेटीभोवती पसरली. पण पेटी उघडू देईना. धूर येतोय, शेठजी किंचाळतायत, आणि हा कुलूप लावून समोर मांडी घालून बसला. "आता उघडली तर हवा लागून आतला निखारा पेटंल. दम धरा." धूर हळूहळू विरला. पलीकडचा कापसाचा ढीग जसाच्या तसा होता. नंतर झाकण काढलं तर आत एक वेटोळं वितळून लोंबत होतं आणि तळाशी मूठभर राख.

मग शेठजींनी गोधडी उचलली. एका कडेने करपलेली. "ही कुणाची? जिची असंल तिनं आत्ताच घरी जायचं. परत पाऊल टाकायचं न्हाई."

सखू लेकराला खांद्याशी धरून उभी होती. सगळ्या बाया जमिनीकडे बघत होत्या. मुकादम तिच्याकडे बघत होता. मीही.

"माझी हाय," नागोराव म्हणाला.

"तुमची?"

"व्हय. पाठीत वारं भरून राहिलं होतं. मीच लावली."

शेठजींनी गोधडी उलगडली. हातभर लांब. तिच्यावर ठिगळांचा एक पोपट शिवलेला.

"ही? तुमच्या पाठीला?"

नागोरावने गोधडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुडघ्याला बांधतो."

आधी मुकादम हसला. मग मी. मग सगळंच जिन. ज्याने आम्हाला रोज ताटकळत ठेवलं, ज्याने जिलेबीचीसुद्धा परीक्षा घेतली, त्यानेच आपल्या मशीनचं नाक दाबलं! तो मध्ये उभा होता, मान ताठ. आयुष्यात त्याने कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. कंदिलाचीसुद्धा नाही. शेठजींनी त्याला काढून टाकलं, उरलेल्या वेटोळ्यांवर चालवायला फुंकणी आपल्या मेहुण्याच्या हाती दिली, आणि शेडमध्ये झोळ्या बांधायला बंदी घातली. खरं काय ते तिथल्या निम्म्या माणसांना दिसलं होतं. पण हसण्यासारखी गोष्ट हाती आल्यावर ती कोण सोडतो? मी तर ती त्याच संध्याकाळी बाजारात सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नागोराव जिनाच्या भिंतीबाहेर, कडुलिंबाखाली कोवळ्या उन्हात बसलेला. कोट घालून.

"इथं काय करून राहिले, मिस्त्री?"

"पंखा ऐकून राहिलो. बोलावतील मला. तो मेहुणा तिला चार दिवसांत मारतो का न्हाई बघा."

रोज तो तिथे बसू लागला. दुपारी फुंकणी साफसफाईला थांबली नाही की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "अरे, भाता मार! दम लागलाय तिला!" मेहुणा आतून उत्तर द्यायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही पोट धरून हसायचो. जिनासमोरून जाणारी पोरंही त्याला विचारायची, "मिस्त्री, गुडघा कसा हाय?" त्याला एकच आस होती. शेठजींचा निरोप यावा आणि सगळ्यांच्या देखत आपण आत जावं.

आत बंदी झाल्यामुळे बायांनी झोळ्या त्याच लिंबाला बांधल्या. त्यावरून पहिल्या दिवशी त्याने आकाशपाताळ एक केलं. "तिकडं बांधा! ही रडायला लागली की मला पंखा ऐकू येत न्हाई!" सखू म्हणाली, "बाबा, दुसरं झाड कुठंय?" झाड खरंच दुसरं नव्हतं. मग पोरं रडली की तो चडफडत दोरी ओढायचा. "तुमच्यासाठी न्हाई," तो झोळीला सांगायचा. "मला ऐकायचंय म्हणून." बाया कामाला आत गेल्या की त्या सगळ्या दोऱ्या त्याच्याकडे.

शेवटी मेहुण्याने फुंकणी मारलीच. दुपारी ती थांबली, आत दुसरं वेटोळं तुटलेलं. बाहेर ओल्या कापसाच्या गाड्यांची रांग. शेठजींनी बराच वेळ मिशा चावल्या आणि मग मला म्हणाले, "जा, मुनीमजी. बोलवा त्या बांबूला. म्हणावं, मान राखून बोलावलंय."

मी बाहेर गेलो. थोडा मिश्कील चेहरा करूनच गेलो. तो लिंबाखाली बसला होता, पाठ भिंतीला, दोन दोऱ्या दोन पायांच्या अंगठ्यांना आणि एक हातात. मी मोठ्याने म्हणालो, "चला मिस्त्री! शेठजींनी बोलावलंय. फुंकणी बंद पडली!"

त्याने झटकन बोट ओठांवर ठेवलं. सखूच्या झोळीकडे बघितलं. आत हालचाल झाली, थांबली.

"बंद पडली?" तो कुजबुजला. "कवा?"

पंखा थांबून तासभर झाला होता. भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप होतं. आणि त्याला ते कळलंच नव्हतं.

मी तसाच उभा राहिलो. गाड्यावाले बघत होते.

"चला ना," मी हळूच म्हणालो.

"येतो. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." हातातली दोरी त्याने माझ्यापुढे केली. "उभे काहून राहिलात, मुनीमजी? बसा. ही धरा. हळू, झटका देऊ नका."

मी पांढऱ्या धोतरानिशी मातीत बसलो आणि दोरी धरली.